धबधब्याचं पत्रक

प्रांतात नवं मंत्रिमंडळ आलं त्या साली मी वीस वर्षांचा होतो आणि पत्रकं लिहिण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. पंचवटीतल्या एका छापखान्यात आमचा चौघांचा गट जमायचा. आम्हाला शिकवलेला नियम एकच होता. ठिकाण आणि साक्षीदार नसेल तर ते पत्रक नव्हे, रडगाणं. साक्षीदाराला प्रूफ वाचून दाखवायचं, त्यावर त्याचा अंगठा घ्यायचा, मगच छापायचं.

असंच एक प्रूफ पिशवीत घालून दसऱ्यानंतर मी पेठकडच्या एका पाड्यावर गेलो. सावळघाटाच्या पुढे सर्व्हिस मोटारीने सोडलं, तिथून दोन तास पायी. डोंगराच्या पायथ्याशी कुडाची पंधरा-वीस घरं, मागे धबधबा, वर पडका गड. माझा साक्षीदार कोकणा जमातीचा शेतकरी होता, माझ्या वडिलांच्या वयाचा. जंगलाचा गार्ड त्याच्याकडून फुकट लाकडं वाहून घ्यायचा, कोंबड्या उचलायचा, आणि कुरकुर केली की म्हणायचा, प्लॉट सांभाळ. प्लॉट म्हणजे जंगलातली एकसाली जमीन. ती दरवर्षी नव्याने मिळायची, तीही गार्डाने मान हलवली तरच. त्या तुकड्यावर घरातली पाच माणसं जेवत होती. हे सगळं पत्रकात होतं, पाड्याच्या नावासकट.

मला कागदाची घाई होती. पण म्हाताऱ्याने आधी धबधबा दाखवायला नेलं. कुणी विचारलं तर देखावे बघायला आलो म्हणून सांगता येईल, खोटं पडायचं नाही, असं त्याचं म्हणणं. मी पाणी पाहायला आलेलो नव्हतो. तो कुंडाची खोली सांगत होता, गुहेतला गार झरा दाखवत होता, आणि मी मनात दुसऱ्या परिच्छेदातलं क्रियापद बदलत होतो. गडावर चला म्हणाला, तेव्हा मी सरळ नाही म्हटलं.

परत आलो तेव्हा त्याची बायको अंगणात नागलीसाठी खळं सारवत होती. मी दोघांना प्रूफ वाचून दाखवलं. मग मी शाईची डबी उघडली, त्याचा अंगठा धरून कागदावर टेकवला, आणि तेवढ्यात खाकी कपड्यातला गार्ड कुंपणाच्या वाटेने आत आला.

मी डबी पिशवीत टाकली. म्हातारी नवऱ्यावर खेकसली. बसून काय राहिलाय, हात लाव. त्याने दोन्ही हात मनगटापर्यंत शेणाच्या पाटीत घातले आणि खळं सारवायला बसला.

"आता बायकांची कामंपण करायला लागला का रे?" गार्ड हसला. मग माझ्याकडे वळला. कोण, कुठले, काय काम?

मी म्हटलं, नाशिकचा, देखावे पाहायला आलोय. त्याने माझ्या हातातून कागद घेतला. कागद सरळ धरला, वरून खाली नजर फिरवली. मला वाटलं, संपलं. तो म्हणाला, "अक्षर फार बारीक आहे, मास्तर. वाचा तुम्हीच."

त्याला वाचता येत नव्हतं, आणि तो ते म्हणणार नव्हता. मी कागद घेतला. ज्या ओळीत लाकडांची वेठ होती, त्या ओळीवर बोट ठेवून मी धबधबा वाचला. दुसऱ्या परिच्छेदात कुंड वाचलं. तिसऱ्यात, जिथे गार्डाचंच वर्णन होतं, तिथे गुहा आणि झरा. म्हातारा एकदाही वर न बघता शेण पसरत राहिला.

"आणि गड?" गार्ड म्हणाला. "पाण्याची टाकी किती लिहिली?"

मी पाच म्हटलं.

"सात आहेत. वर गेला नाहीत तुम्ही." त्याने बोट कागदाच्या तळाशी आणलं. "आणि हा अंगठा कुणाचा?"

मी म्हटलं, छापखान्यातल्या माणसाचा. प्रूफ ओलं असतं, डाग पडतातच. त्याने अंगणातल्या सगळ्यांचे हात पाहिले. म्हाताऱ्याचे शेणात होते. मग तो म्हणाला, कागद द्या, पेठला कारकुनाला दाखवतो.

मी म्हटलं, टाकी चुकली आहेत ना, चुकीचं प्रूफ बाहेर देत नाहीत. सात करून छापतो आणि चांगली प्रत पाठवतो. चुकीचं प्रूफ देत नाहीत, हे निदान खरं होतं. त्याला पटलं. जाताना म्हणाला, वाट कुणी दाखवली तेही घाला, आणि छातीवर हात ठेवला.

गार्ड उतरणीला लागला. म्हाताऱ्याने हात धुतले, पण शाई नखाच्या कडेला तशीच होती. तो म्हणाला, "धबधब्याचा कागद पहिला छाप. गार्ड वाट बघंल. अन् ह्यातून गाव काढ, माझा अंगठा काढ."

मी भांडलो. साक्षीदाराशिवाय कुणी विश्वास ठेवणार नाही, तुम्ही घाबरता म्हणून यांचं फावतं, असलं बरंच बोललो. आज त्यातलं एक वाक्यही मला आठवावंसं वाटत नाही.

तो एवढंच म्हणाला, "तू मोटारीत बसशील, दादा. प्लॉट हितं हाय."

चूल पेटलेली होती. मी प्रूफ त्याच्या हातात दिलं, त्याने ते आत घातलं.

नाशिकला येऊन मी आयुष्यातलं पहिलं निसर्गवर्णन लिहिलं. सात टाकी, आणि वाट दाखवणारे तत्पर गार्डसाहेब. खिळे जुळवताना जुळाऱ्याने विचारलं, पक्ष बदललास काय. मी गार्डाला प्रती धाडल्या. मग वेठीचं पत्रक छापलं, गाव नाही, अंगठा नाही. आमच्या गटातल्या वडीलधाऱ्यांनी ते वाचून टेबलावर टाकलं. कुठलं हे, आणि सांगितलं कुणी? मी म्हटलं, सांगणार नाही. ते म्हणाले, मग रडगाणं आहे. मी म्हटलं, असू दे.

पेठच्या बाजाराच्या दिवशी मी ते वाटलं. गार्ड तिथे होताच. त्याने हात पुढे केला आणि विचारलं, "धबधब्याचा का?"

"नाही, दुसरा आहे. कारकुनाकडून वाचून घ्या."

त्याने कारकुनाकडून वाचून घेतलं असणार, कारण नंतर तो आठवडाभर पाड्यापाड्यावर विचारत फिरला, कुणी सांगितलं म्हणून. म्हाताऱ्याच्या अंगणातला कागद धबधब्याचा, हे त्याच्याकडच्या छापील प्रतींवरून त्याला पक्कं होतं. आणि पत्रकातली वेठ त्याने प्रत्येक पाड्यावर घेतलेली होती, त्यामुळे त्याला कुठलाच पाडा धरता येईना. उन्हाळ्यात प्लॉट वाटले गेले. म्हाताऱ्याचा त्यालाच मिळाला.