तीन सासरांची जास्वंद

कात्री माझ्याच हातात होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आमच्या नातेवाइकांपैकी कोणीतरी सांगेलच. शेलूबाजारला सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या, अंगणात आमची शेवटची भेट झाली, तेव्हा त्यांनी मला एक सोपं काम दिलं होतं. जास्वंदीच्या बुडातून गावठी फुटवे निघाले होते, तेवढे छाटायचे. "कलमाच्या खालचं तेवढं कापा, जवाई. गावठी माजली का कलमी उपाशी मरते," मामाजी खाटेवरून म्हणाले. मी वाकलो, एक जोमदार फांदी दिसली, ती मोठ्या रुबाबात कापली आणि उंच धरून दाखवली. मामाजींनी चष्मा कपाळावर सारला. "शाबास! सोताचीच कापली."

हे 'सोताचीच' प्रकरण समजावून सांगायला हवं. मामाजींचं पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान होतं. मोटार कशानं जळाली हे कळेपर्यंत ते ना तिला हात लावत, ना गिऱ्हाइकाला उठू देत. हाच चौकसपणा घरी जास्वंदीच्या वाट्याला आला. मुलगी लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेरी येताना सासरच्या जास्वंदीची एक काडी आणणार, आणि मामाजी ती अंगणातल्या लाल गावठी जास्वंदीवर कलम करून बांधणार, असा त्यांनी स्वतःच पाडलेला रिवाज. थोरलीची अनसिंगहून आलेली पिवळी, मधलीची पांढरी आणि धाकटीची, म्हणजे माझ्या बायकोची, सुनंदाची केशरी. एकाच बुडावर तीन साडू सुखानं नांदताना मी फक्त तिथंच पाहिले.

खरं तर वाशीमला तेव्हा आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. झाड कुठलं असणार? शेजारी बाजाराला गेल्याचं पाहून ती काडी मी त्यांच्या कुंपणावरून काढली होती. मामाजींनी ती उलटसुलट पाहिली. "कोनाच्या घरची हाय?" मी चहाचा कप तोंडाला लावला. "मंग लागते. चोरीची काडी जल्दी लागते." आणि लागलीही! पण ती का लागते, हा प्रश्न त्यांना पुढं कितीतरी वर्षं पुरला. कधी म्हणत, चोर घाईत असतो, म्हणून काडी ताजी राहते. कधी म्हणत, फुकट मिळालेलं माणूस जास्त जपतो, म्हणून. मला बघितलं की नवं कारण तयार असायचं...

तर ती केशरी फांदी मी कापली. सुनंदा ओट्यावरून खाली आली. मला वाटलं होतं ती भांडेल, ती नुसतं म्हणाली, "दोघीच्या हायेत. माहीच नाही राह्यली." मामाजी खाट सोडून उठले. आजारपणानंतर त्यांचा हात थरथरायचा, पण दुकानातलं पातं हातात आलं की थांबायचा. पडलेल्या फांदीतून त्यांनी एक काडी निवडली, खालून पाचरीसारखी तासली, जिवंत फांदीला चीर देऊन तीत बसवली, मोटारीच्या तारा बांधायच्या पट्टीनं आवळली आणि वरून प्लास्टिकची पिशवी चढवली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आता रोज उघडून पाहू नका. तुमचा भरोसा नाही मले."

पुढच्याच आठवड्यात सकाळी सासूबाईंचा फोन आला. चहा घेऊन गेल्या तर मामाजी उठलेच नव्हते...

तेरवीच्या गर्दीत मी त्या पिशवीभोवती किती घिरट्या घातल्या असतील! आत बाष्प धरलेलं, बाहेरून काही म्हणता काही दिसेना. "थोडीशी वर करून पाहू का?" मी विचारलं. "नका," सुनंदा म्हणाली. "बाबाच्या हातचं शेवटचं हाय. वाळलं असन त मले पाह्याचं नाही." त्यानंतर दर वेळी शेलूबाजारला गेलो की ती जास्वंदीकडं पाठ करून बसायची आणि मी मान लांब करून.

मागच्या रविवारी मात्र ती आपणहून उठली. पिशवीची गाठ सोडली, वर सरकवली. काडीच्या डोळ्यातून दोन हिरवी टोकं निघाली होती, उंदराच्या कानाएवढी. मी "लागली!" म्हणून ओरडलो. सुनंदानं पदराला हात पुसले, मोबाइल काढला, नंबर लावला. आत खोलीत मामाजींचा फोन वाजू लागला. "कोनाचा फोन हाय वं?" आतून सासूबाईंनी हाक मारली. सुनंदानं घाईनं फोन बंद केला.

बराच वेळ ती त्या पट्टीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "ही पट्टी कवा सोडाची, थेच आपन बाबाले कधी इचारलं नाही."