आबा गेले

माझ्या वेबसाइटवर लिहिलेलं आपोआप फेसबुकवर जातं, पण तिथं सुरुवातीचे दोन-तीन शब्दच दिसतात. वडील न सांगता बाहेर पडले म्हणून चिडून मी लिहिलं, ‘आमचे आबा गेले ते थेट निमगावच्या बाजारात.’ फेसबुकवर उरलं, ‘आमचे आबा गेले...’

श्रद्धांजल्यांची रांग लागली. वेबसाइटवरून खोडलं तरी फेसबुकवरचं तसंच राहिलं. तिथून काढायचं म्हणेपर्यंत लोकांनी ते ग्रुपांवर पाठवलं होतं. आता कुणाकुणाला सांगत बसू?

आबा परतले ते वाटेतच सगळं ऐकून. म्हणाले, “वाच, कुणी काय लिवलंय.”

मी वाचलं.

“आन् थोरल्यानं?”

थोरला भाऊ वेगळा झाल्यापासून आबांशी बोलत नाही. त्यानं लिहिलं काहीच नव्हतं. नुसता लाइकचा अंगठा दिला होता.