निरभ्र आभाळातला पूर

आमच्या पलटणीची बदली लडाखला झाली तेव्हा मी नाईक होतो. मी झाडे, हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरचा. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, त्यामुळे थंड मुलुखात जायचं म्हणून मी खूष होतो. घरच्यांनी दोन स्वेटर बांधून दिले. त्या स्वेटरांनी तिथे काय दिवे लावले ते विचारू नका.

थंडी ही गोष्ट आपल्या लोकांना कळत नाही. डिसेंबरात पहाटे शेकोटी पेटवली की आपल्याला वाटतं, हिवाळा पाहिला. तिथली थंडी कोरडी असते. हवेत ओल नावालाही नाही. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं. धुतलेली बनियन दोरीवर आधी पापडासारखी कडक होते, मग वाळते. जुलै महिन्यात उन्हाकडचा कान भाजतो आणि त्याच वेळी सावलीकडचा गार पडतो. पाऊस जवळजवळ नाहीच. आभाळ इतकं निळं की पहिले चार दिवस मी उगाच वर बघत फिरलो. इतका देखणा मुलूख मी दुसरा पाहिला नाही. आजही सांगताना मन हरखतं.

हा मुलूख मला शिकवला हवालदार सुधाकर थूल यांनी. ते सेलू तालुक्यातल्या हिंगणीचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. चौकीवर सगळे हिंदी बोलायचे. आम्ही दोघंच असलो की वऱ्हाडी सुरू. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. दुपारचा वारा किती वाजता सुटणार हे ते सकाळी चहा पिताना सांगत, आणि वारा त्यांची ऑर्डर मिळाल्यागत त्याच वेळी सुटायचा. चौकीखालच्या नाल्यात एक मोठा धोंडा होता. त्यावर त्यांनी पांढऱ्या रंगाची रेघ मारली होती. पाणी रेघेला लागलं की नाला ओलांडायचा नाही, हा त्यांचा नियम. सकाळी सहाला त्या नाल्यात घोट्याएवढं पाणी असायचं. दुपारी ते रेघेच्या वर जायचं.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "उस्ताद, पाऊस नाई, ढग नाई, मंग पाणी काऊन वाढते?"

"वरतं बर्फ हाय ना बे. ऊन पडलं का वितळते. आपल्या गावचा नाला इथं विसर. इथं जितकं ऊन कडक, तितका नाला खवळते. आभाळाकडे नोको पाहू, घड्याळाकडे पाह्यजो."

मी हो म्हटलं. कळलं, पण अंगात भिनलं नाही. वडनेरला लहानपणापासून आम्ही एकच शिकलो होतो. नाला ओलांडायचा तर आधी वरच्या अंगाला आभाळ बघायचं. तिकडे काळं नसेल तर खुशाल उतरायचं. ही सवय मी वर्दीच्या आत घालूनच लडाखला गेलो होतो.

त्या दिवशी सकाळी सहा वाजता मी पाच जवान घेऊन गस्तीवर निघालो. अकराच्या आत परत यायचं होतं. परतीच्या वाटेवर एका जवानाचा पाय मुरगळला. त्याला दोन्ही बाजूंनी धरून आणावं लागलं. नाल्यावर पोचलो तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. पाणी पांढऱ्या रेघेला लागलं होतं. ते मी पाहिलं. मग मी आभाळाकडे पाहिलं. ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

मी रेडिओवर कळवलं. चौकीवर थूल उस्ताद होते. म्हणाले, "पार मत करो. उधर ही रुको. सुबह आना. ओव्हर."

मी सरळ वऱ्हाडीवर आलो. "उस्ताद, गुडघ्याएवढंच पाणी हाय. आभाळ साफ हाय. पोराचा पाय सुजून राह्यला. ओव्हर."

"झाडे, थांब. ऑर्डर हाय. मी दोर घेऊन खाली येतो. आऊट."

मी थांबायला हवं होतं. पण ते येईपर्यंत पाणी जोखून ठेवू, असं माझ्या डोक्यात आलं. जवानांना काठावर बसवलं आणि मी एकटा उतरलो. दहा पावलं नीट गेली. मग पाणी मांडीला लागलं, पायाखालचे दगड गडगडायला लागले. मधल्या एका खडकाला मिठी मारली, तेव्हा पाणी कमरेला आलं होतं. थोड्या वेळाने पाय आहेत की नाहीत तेच कळेना. वर लख्ख ऊन होतं. मला मरणाची भीती वाटली, ती मी लपवत नाही.

दोन चाळीसला उस्ताद दोन जवानांसह समोरच्या काठावर आले. दोराचं एक टोक काठावरच्या खडकाला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला, आणि ते पाण्यात उतरले. माझ्यापर्यंत पोचल्यावर स्वतःची गाठ सोडून त्यांनी ती माझ्या कमरेला बांधली.

"उस्ताद, तुमी?"

"दोर परत फेकतीन ते. पाय उचलजो."

मला ओढून काठावर घेतलं. दोर सोडून जवानाने परत फेकला. तो पोचण्याआधी वरून एक धोंडा गडगडत आला आणि उस्ताद ज्या खडकाला धरून होते त्याच्यावर आदळला. दोन पंचावन्नला तिथे नुसतं पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्यांना शोधायला निघालो. ते बरेच खाली एका वळणावर सापडले. तिथे पाणी घोट्याएवढं होतं.

चौकशीत मी सगळं खरं सांगितलं. सजा झाली. कमीच झाली. पण त्यांना घेऊन मी हिंगणीला आलो तेव्हा त्यांच्या वडिलांना एवढंच म्हणालो, "एका जवानाला वाचवताना गेले." तो जवान कोण, हे तोंडातून निघालं नाही. पुढे आठ वर्षं निघालं नाही.

रिटायर झाल्यावर एका सकाळी मी हिंगणीला गेलो. उस्तादांचे बाबा अंगणात तूर पाखडत होते. मी जयभीम केला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ऑर्डर, पाणी, दोर. तो जवान मीच, हेही. बाबांनी सूप खाली ठेवलं आणि ते घरात गेले. मला वाटलं, आता जावं. पण मी तिथेच उभा राहिलो. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. डोळे लाल झाले होते.

"तुयावर राग हाय माया," ते म्हणाले. "तो ऱ्हाईन. पण एक सांग. सुधाकर काठावर थांबला होता काय? उतरू का नोको, असं?"

"नाही बाबा. दोर बांधायला लागला तेवढाच वेळ."

त्यांनी मान हलवली आणि मला बसायला खाट पुढे ओढली.

हवालदार सुधाकर थूल छत्तीस वर्षांचे होते. त्यांच्याइतका धीराचा माणूस मी पलटणीत दुसरा पाहिला नाही. माझ्यासाठी पाण्यात उतरायला त्यांना मिनिटभर लागलं. त्यांच्या दारात येऊन खरं बोलायला मला आठ वर्षं लागली.