महादूच्या कटल्याचं बी

वैशाखरे गावच्या महादूला कुणी सकाळी राम राम घातला तरी हा मनात म्हणायचा, याचं काय काम असेल बरं? उगाच नव्हे हो. एका व्यापाऱ्याने रोहू माशाचं म्हणून भलतंच मत्स्यबीज, म्हणजे भलत्याच माशाची पिल्लं, त्याच्या गळ्यात मारली होती, तेव्हापासून गडी ताकही फुंकून प्यायचा.

त्याच्या तळ्यात कटला जातीचा एक नर मासा होता, त्याचा जीव की प्राण. मुरबाडकडे माशांची अंडी उबवायची हॅचरी चालवणारा कमळाकर दर आषाढात त्याच्यापासून पिल्लं काढायचा, आणि ती अशी वाढायची की बघत राहावं. दोन हजार तीनच्या सालात कमळाकर म्हणाला, गाईला इंजेक्शनने देतात ते वळूचं बी गोठवून ठेवतात तसं याचं ठेवू, मासा गेला तरी वंश राहील. महादू कबूल झाला, पण टाकी माझ्या घरात राहील म्हणाला.

कमळाकरने बी बारीक नळ्यांत भरून बर्फाहून थंड अशा पातळ नायट्रोजनच्या टाकीत सोडलं. बजावलं, की नळ्या वर काढायच्या नाहीत, जरा ऊब लागली की बी मेलं. वर काढू नका म्हटल्यावर महादूच्या मनात पाल चुकचुकली.

पुढच्या वैशाखात तळं आटलं आणि कटला गेला. महादू पोरासारखा रडला. आता जे काय उरलं होतं ते टाकीत. कमळाकर नायट्रोजन भरायला आला की हा त्याच्या हातांवरून नजर हलवत नसे. बायको भागीरथी म्हणायची, जरा इस्वास ठेवा माणसावर. तो ऐकतोय कसला!

आषाढात हॅचरीत मादीची अंडी काढून त्यांत ते बी मिसळलं. सकाळी बघतात तर सगळी अंडी पांढरीफटक. एकही फळलं नव्हतं.

महादू कमळाकरच्या अंगावर धावला. "नळ्या बदलल्यास तू!"

"काका," कमळाकरने विचारलं, "टाकी कुणी उघडली होती काय?"

"कोण उघडील? माझा पहारा होता. रोज सकाळी नळ्यांचा डबा वर काढून उजेडात धरून बघायचो मी. एक नळी इकडची तिकडं नाय झाली."

सोबत आलेल्या भागीरथीने कपाळावर हात मारून घेतला.

महादूला आपलंच बोलणं उशिरा ऐकू आलं. तो हौदाच्या कडेला मटकन बसला, ती पांढरी अंडी त्याने ओंजळीत घेतली, आणि कितीतरी वेळ ती पाण्यात सोडेना.