उकंड्याचं बाशिंग

मेलेल्या माणसावर जळणारा माणूस पाहायचा असेल, तर अमरावतीच्या कापूसबाजारात या आणि मला गाठा. मी तिथला दलाल. तिशीतच पोट सुटलंय, केस विरळ झालेत. अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतवाले वऱ्हाडच्या कापसावर तुटून पडले, तेव्हापासून अंगावर रेशमी उपरणंही आलंय. आणि एवढं असून, गेल्या माघात मी माझ्याच बायकोच्या आधीच्या नवरदेवाला बाशिंग वाहायला तेल्हाऱ्याच्या वाटेपर्यंत हाडं खिळखिळी करून घेतली.

उकंडा माझा लहानपणापासूनचा दोस्त. आधीची भावंडं जगेनात, म्हणून जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर लोळवून हे नाव ठेवलेलं. सत्तावनच्या बंडाच्या धामधुमीत त्यानं दहाबारा जणांना घेऊन पूर्णा नदीच्या उतारावर गोऱ्या पलटणीच्या दारूगोळ्याच्या गाड्या अडवल्या आणि तिथंच गोळी लागून मेला. बावीस वर्षांचा होता. मलाही बोलावलं होतं, पण आमची गाय व्यायला झाली होती. मी गेलो नाही. त्याच्याशी सोयरीक ठरलेली पोरगी पुढं तिच्या बापानं मला दिली. तीच आमच्या गोदीची माय. दिवाळीनंतर गोदीला देवी आल्या, तेव्हा हिनं मला न पुसता, उकंडा पडला तिथं लोकांनी बांधलेल्या त्याच्या ओट्याला नवस बोलला, की पोर उठली तर बाशिंग वाहीन. पोर उठली. आता बोला!

या वाटेनं जायचं असेल त्यांनी गाडी आधी ठरवून ठेवा. माघात वऱ्हाडातली एकूण एक गाडी कापूस वाहते आणि माणसाला कोणी विचारत नाही. आम्हाला मोठ्या मिनतवारीनं भिवा गाडीवानाची दमणी मिळाली. बैल पळणारे, वर कापडी टप, खाली कडब्याची गादी. बडनेऱ्यापुढं कापसाच्या गाड्यांची रांग लागली. कुणाच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, आणि वाट द्यायला कोणी तयार नाही. मुर्तजापूरकडं आगगाडीसाठी मातीचा भराव घालताहेत. रूळ पडले की म्हणे सकाळी निघालेला माणूस अकोल्यात जेवेल. तोवर बरोबर भाकर, ठेचा आणि कांदा ठेवा. धर्मशाळांत पाणी बरं आहे, पिसवा फार.

भिवाला आम्ही कोण ते ठाऊक नव्हतं. कुठं जायचं ते कळल्यावर तो जो सुटला! उकंडबाबा सहा हात उंच होता, वाघासारखा गरजायचा, आणि गोऱ्यांच्या गोळ्या त्याच्या छातीला लागल्या की त्यांची कापसाची बोंडं होऊन खाली पडायची. मी चिडून म्हटलं, "गोळ्यायची बोंडं झाली, तं मेला कशानं?"

भिवानं मागं वळून माझी कीव केली. "मेला कोन म्हनते, भाऊ?"

गोदीची माय पदराआडून कान देऊन ऐकत होती. तिच्या त्या ऐकण्यानं मी मुर्तजापूर ते अकोला नुसता धुमसत राहिलो.

तिसऱ्या दिवशी अकोल्यात मोर्णा नदी उतरून जुन्या शहरात गेलो. बेगड आणि कलाबतूचं काम करणारे एक म्हातारे मियाँ गल्लीच्या तोंडाशीच बसतात. बाशिंग घ्यावं तर त्यांच्याकडचंच. त्यांनी विचारलं, नवरदेवाचं डोकं केवढं? हिनं भलतीकडं पाहिलं. उकंड्याची नि माझी पगडी एकमेकाला बेतात बसायची, म्हणून मी म्हटलं, माझ्याच डोक्यावर माप घ्या. मियाँनी बाशिंग बांधलं, आरसा धरला आणि म्हणाले, "क्या बात है, अजून नवरदेव शोभून राहिले." ही तोंडाला पदर लावून हसली. मला पाहून हसली, की दुसऱ्याच कुणाला डोळ्यांपुढं आणून?

ओटा पूर्णेकाठी एका पिंपळाखाली आहे. सरकारनं एकदा उकरून टाकला होता, लोकांनी अधिक मोठा बांधला. शेंदूर फासलेला दगड आणि त्याला गेल्या लगीनसराईतली जुनी बाशिंगं. लग्नावाचून गेला, म्हणून दर नवरदेव त्याला एक वाहतो. भिवानं गोवऱ्या पेटवून कणकेचे रोडगे भाजायला घातले. हिनं दगडाला बाशिंग बांधलं, हात जोडले, आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"म्या त्याले कदीच पायलं नाई," ती म्हणाली. "सोयरीक बापानं केली, अन् तो मेला. तुमी पायलं. कसा होता?"

आठ वर्षं हेच तर पोटात साठवलं होतं! मी सगळं ओकलो. ठेंगणा होता. बोलताना अडखळायचा. ढोरासारखा घोरायचा. पाल दिसली की खाटेवर चढायचा. शेंगा चोरताना सापडलो, तर माझं नाव सांगून मोकळा झाला. ती हसून हसून बेजार झाली. मग डोळे पुसत सहज म्हणाली, "म्हनजे जगला असता, तं तुमच्यासारकाच झाला असता."

रोडगे, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. मला चव कळली नाही. परतीच्या वाटेवर एका कोसाला वाटायचं, जिंकलो. पुढच्या कोसाला वाटायचं, जगण्यातच मार खाल्ला. त्याचं पोट सुटायचं राहून गेलं, म्हणून तर तो सहा हात झाला. भिवा पुन्हा बोंडांची गोष्ट सांगत होता आणि या खेपेला मी त्याला अडवलं नाही.

घरी येऊन महिना झाला. गोदी अंगणात हुंदडते आहे. परवा सकाळी मी न्याहारीला बसलो होतो आणि ही भाकर थापत होती. थापता थापता तिनं विचारलं, "अन् तवा तुमी कसे होते?"

मी तोंड उघडलं. केस होते, पोट नव्हतं, यापलीकडं काही सुचेना. मी घोरायचो का, कशाला भ्यायचो, कुणाचं नाव सांगून सुटायचो, हे पाहिलेला माणूस एकच होता.

"ते उकंड्यालेच मालूम," मी म्हणालो, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा मला त्याच्यासाठी रडू आलं.