नेनीचा काळा दोरा

कोणीही नवं भेटलं की इलोना नेनी नावाआधी वय विचारायची. मी नेदरलँड्समधल्या टिलबर्गला तिच्या इमारतीत राहायला आले तेव्हा मलाही दारातच विचारलं. मी एकतीस म्हटल्यावर तिनं मान हलवली, "म्हणजे अजून लाल." मला वाटलं, माझ्या मोडक्या डचमुळे काहीतरी ऐकण्यात चुकलं.

चुकलं नव्हतं. नेनी म्हणजे हंगेरियनमध्ये मावशी. ही मावशी ट्रान्सिल्वेनियातल्या कालोतासेग भागातली, आणि तिकडच्या उशांच्या अभ्र्यांवर एकाच रंगाचं भरतकाम असतं. तरुणांना लाल, मग निळा, म्हाताऱ्यांना आणि गेलेल्यांना काळा. नक्षी आधी पेन्सिलीनं कापडावर काढायची, पण 'काढायची' म्हटलेलं तिला चालत नसे. "लिहायची," ती दटावायची. "आमच्या गावात लिहिणारी बाई असते. भरणारीनं फक्त लिहिलेलं भरायचं." एकदा मी तिला बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाणाऱ्या आपल्या सटवाईबद्दल सांगितलं. मी गमतीनं सांगत होते. नेनी हसली नाही. "मग तुमच्यातही आहे एक," म्हणाली आणि सुई ओवायला लागली.

कोरोना आला आणि माझं ऑफिस स्वयंपाकघरात आलं. आमच्या बाल्कन्या लागून होत्या. आपापल्या टोकाला बसून आम्ही कॉफी प्यायचो. मला तिचा लळा लागला होता. वरच्या मजल्यावरच्या यान आजोबांसाठी ती निळा अभ्रा भरत होती. एका सकाळी तिनं तो सगळा उसवला आणि त्याच रेषांवर काळा भरू लागली. मी कारण विचारलं तर म्हणे, "निळा बसत नाही." त्या दुपारी आजोबा स्वतः कचरा टाकून आले, मला हात केला. दहा दिवसांनी ते गेले. योगायोग, असं मी स्वतःला मराठीत समजावलं आणि इंग्रजीतही.

मग पुण्यात आईला ऑक्सिजनवर ठेवलं. विमानं बंद होती. नेनीनं कठड्यापलीकडून विचारलं, "आई किती वर्षांची?" माझ्या तोंडून अडुसष्ट निघून गेलं आणि मी जीभ चावली. दुसऱ्या दिवशी तिच्या मांडीवर नवं कापड होतं, नक्षी लिहून झालेली. कठड्याजवळच्या टोपलीत काळ्या दोऱ्याची लड. ती कॉफी आणायला आत गेली आणि मी हात लांब करून लड उचलली. पीएचडी झालेली बाई मी. शेजारणीचा दोरा चोरून पिठाच्या डब्यात लपवला.

तिची शोधाशोध मला भिंतीतून ऐकू येत होती. दुकानं बंद होती. "तू पाहिलीस का लड?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं.

"हरकत नाही," ती म्हणाली. "थांबते मग."

आठवड्याभरात आईचा ऑक्सिजन निघाला. मी ओक्साबोक्शी रडले. पण आई घरी पोचेपर्यंत लड परत द्यायचा धीर होईना. तेवढ्यात एका सकाळी नेनीला ॲम्ब्युलन्स घेऊन गेली. चार दिवसांत ती गेली.

तिची मुलगी मास्क लावून दारात आली. हातात तोच अभ्रा होता. कोपऱ्यात, मला कधीच न दिसलेल्या बाजूला, पेन्सिलीनं नेनीच्या नावाची अक्षरं होती.

"हा तिनं स्वतःसाठी लिहिला होता," मुलगी म्हणाली. "उद्या शवपेटीत डोक्याखाली ठेवायचाय. निदान नाव तरी मी भरते. तिचा काळा दोरा कुठे असेल, माहीत आहे का तुला?"

आई त्या संध्याकाळी घरी येणार होती. अजून आली नव्हती.

मी नाही म्हटलं.