आक्काच्या निरोपाला आम्ही पोचलो नाही

माझी थोरली बहीण, आमची आक्का, धडगावच्या पुढे डोंगरातल्या एका उपकेंद्रात नर्स होती. सत्तावीस वर्षं तिने तिथंच काढली. मेअखेरीस ती निवृत्त होणार होती आणि गावकऱ्यांनी शेवटच्या दिवशी दुपारी बाराला तिचा निरोप समारंभ ठेवला होता. आमच्याकडून जाणारी माणसं दोनच, मी आणि माय. मायने सत्तरी कधीच ओलांडलेली. मी राहतो कोरीटला आणि नंदुरबारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. सामान आणायला सुरतेला कितीदा गेलो त्याची मोजदाद नाही, पण सातपुड्यात आक्काकडे एकदाही नाही. सणावाराला तीच खाली येते, मग जायची वेळच येत नाही, असं मी लोकांना सांगायचो.

आठवडाभर आधी फोनवर तिने सगळं बजावलं होतं. आदल्या दिवशीच मुक्कामाला या. नाहीच जमलं तर पहाटेची पहिली बस धरा. घाटाआधी मायला पोटभर खाऊ घालू नको. सामान हातात मावेल एवढंच घे. धडगावला जी जीप निघायच्या बेतात असेल तिच्यात बसा आणि ड्रायव्हरला फक्त नर्सबाईचा दवाखाना सांगा. मी हो हो म्हणत होतो. समोर गिऱ्हाइकाचा फोन उघडून ठेवला होता, सगळं लक्ष त्याच्यात. शिवाय मनात होतं की मोबाइलवर नकाशा असतो, एवढं काय विचारत बसायचं.

आदल्या दिवशी दुकान बंद ठेवायचं माझ्या जिवावर आलं. आक्काला भेट म्हणून मी चाकांची मोठी बॅग घेतली होती. रिकामी बॅग काय द्यायची म्हणून मायने तिच्यात कुरडया, पापड, दोन लुगडी आणि पितळी डबा भरला. निघताना चेन लागेना. ती लावेपर्यंत पहिली बस गेली. दुसऱ्या बसने शहाद्याला उतरलो तर धडगावची गाडी यायला वेळ होता, म्हणून मी मायला भजी आणि वर जिलेबी खाऊ घातली. घाटातल्या तिसऱ्याच वळणावर तिला उलटी झाली. नंतर वर पोचेपर्यंत ती खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसली होती. कंडक्टरने कुठून तरी लिंबाची फोड आणून दिली. माझ्या खिशात साधी पिशवीसुद्धा नव्हती.

धडगावला उतरलो तेव्हा साडेअकरा झाले होते. बाजाराचा दिवस होता. एक जीप निघायच्या तयारीत उभी होती, आत माणसं, टपावर माणसं, मागे लटकलेली माणसं. ड्रायव्हरने मायकडे बघून पुढच्या सीटवरच्या दोघांना खाली उतरवलं आणि मला टपावर ये म्हणाला. मी नको म्हटलं. आजारी माणूस बरोबर आहे, रिकामी गाडी बघतो. त्याने त्या दोघांना परत पुढे बसवलं आणि गाडी काढली.

रिकामी गाडी होती, समोरच उभी होती. ती भरल्याशिवाय हलणार नाही हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. दीड तास आम्ही तिच्यात बसून होतो. आक्काचा फोन लागत नव्हता. शेवटी निघाली तेव्हा तीही पहिलीइतकीच भरलेली होती. समारंभ सुरू होऊन तास झाला होता.

माय म्हणाली, "तू कोनले इचारत काबर नही?"

 मला राग आला होता, जीपचा, बाजाराचा, मायचाही.

गाडी चालू झाल्यावर मी मोबाइल उघडला. रेंज नव्हती, पण धडगावला उघडलेला नकाशा तसाच होता आणि त्यावर आक्काच्या गावाचा ठिपका दिसत होता. निळी खूण ठिपक्यावर आली तशी मी गाडी थांबवायला सांगितली. ड्रायव्हर पुढे हात करून त्याच्या बोलीत काहीतरी म्हणाला. मागची एक बाईही म्हणाली. मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला आणि बॅग खाली घेतली. आम्हाला उतरवून जीप वळणाआड गेली.

तिथे काहीच नव्हतं. रस्ता, उतार, आंब्याची दोन झाडं. सातपुड्यातलं गाव एका जागी नसतं, त्याचे पाडे डोंगरभर विखुरलेले असतात, हे माझी बहीण मला सत्तावीस वर्षं सांगत आली होती. नकाशाने ठिपका मधेच कुठेतरी टाकला होता.

मेचं ऊन. बाटलीत घोटभर पाणी होतं, ते मायला दिलं. बॅगचं एक चाक पहिल्या चढावरच निखळलं. मग मी ती खांद्यावर घेतली, मग डोक्यावर, मग नुसती ओढत नेऊ लागलो. माय दर दहा पावलांवर थांबत होती. मी तिच्यावर खेकसलो. त्याची आजही लाज वाटते.

अर्ध्या तासाने एक घर दिसलं. अंगणात एक बाई कैऱ्यांच्या फोडी आमचूरसाठी वाळत घालत होती. मी विचारलं, "आरोग्य उपकेंद्र कोणत्या दिशेला आहे?" ती नुसती बघत राहिली. मी तेच आणखी मोठ्याने विचारलं. मायने मला बाजूला केलं, स्वतःच्या दंडावर बोटाने सुई टोचल्यासारखं केलं आणि मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "मन्ही पोर शे."

बाईच्या चेहऱ्यावर लख्ख कळल्याचं दिसलं. तिने मायला आत नेऊन पाणी दिलं. बाहेर आल्यावर बॅग डोक्यावर घेतली आणि मायचा हात धरला. तासभर त्या दोघी पुढे आणि मी मोकळ्या हातांनी मागे. माय आमच्या अहिराणीत बोलत होती, ती बाई तिच्या पावरी बोलीत. त्यांचं काही अडत नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा पावणेचार वाजले होते. मंडपाचं कापड उतरलं होतं आणि खुर्च्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढत होत्या. आक्का दवाखान्याच्या पायरीवर बसली होती, मांडीवर शाल आणि नारळ. तिने आधी मायला जवळ घेतलं, तिचे पाय पाण्याने धुतले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सत्तावीस वरीसमा एकच दिन मांगेल व्हता मी."

मी जीपचं, नकाशाचं सांगायला लागलो. ती आत निघून गेली.

बॅग घेऊन आलेली बाई जेवून मगच गेली. परतीची जीप केव्हाच गेल्याने आम्ही मुक्कामाला राहिलो. संध्याकाळी आक्काबरोबर काम करणाऱ्या गावच्या आशाताईने तिच्या मोबाइलवर समारंभ दाखवला. आक्का माइक धरून उभी होती आणि पावरीत बोलत होती. अडखळत नव्हती, कागद नव्हता. मधेच सगळे हसले, थोड्या वेळाने पुढे बसलेल्या म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावू लागल्या. ही भाषा तिला इतकी येते हे मला माहीत नव्हतं.

माय म्हणाली, "काय सांगी ऱ्हायनी ती?"

 मी आक्काला विचारलं. ती म्हणाली, तिथं असतास तर त्यांची तोंडं बघून कळलं असतं. आता मराठीत काय सांगू. आणि ती मायसाठी अंथरूण घालायला उठली.

सकाळी सहाच्या जीपने ती आमच्याबरोबर खाली यायला निघाली. गाडी आधीच भरलेली होती. तिने मायला पुढे बसवलं आणि मला मागे दोन माणसांच्या मधे कोंबलं. धडगाव येईपर्यंत ती सगळ्यांशी बोलत होती, हसत होती, एकीने दिलेला पाडाचा आंबा सोलून खात होती. माझ्या शेजारचा माणूस तिच्याकडे बोट दाखवून मला पावरीत काहीतरी सांगत होता, पुन्हा पुन्हा, मोठ्याने. मी मान हलवत राहिलो.